काहीच भरलं नाही, तरी काहीतरी असतंच!

एक क्विक क्विझ! 'माणूस' नावाचा क्लास लिहिलात. त्यात 'वय' नावाची प्रॉपर्टी ठेवलीत. तिच्यात काही म्हणजे काही भरलं नाही, थेट ऑब्जेक्ट बनवला आणि विचारलंत, बाबा रे, तुझं वय काय?

जावा म्हणतं, शून्य. रुबी म्हणतं, निल. जावास्क्रिप्ट म्हणतं, अनडिफाइन्ड. पीएचपीत टाइप लिहिला नसेल तर उत्तर येतं, नल. स्विफ्ट तर कंपाइलच होऊ देत नाही, आधी वय सांगा, मग पुढे! आणि सी प्लस प्लस? ते बिनधास्त सांगू शकतं, उणे ८५ कोटी ८९ लाख ९३ हजार ४६०!

एक प्रश्न, सहा भाषा, सहा उत्तरं. प्रोग्रामर गप्प बसला की भाषा त्याच्या वतीनं बोलते, आणि ती काय बोलते यावरून तिचा अख्खा स्वभाव कळतो. याच बोलण्याला म्हणतात डीफॉल्ट व्हॅल्यू. चला, एकेकीला बोलतं करू!

उणे ८५ कोटींचं गुपित

माहीत आहे का, तो उणे ८५ कोटींचा आकडा मुळीच रँडम नाही? मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस डीबग मोडमध्ये चालवलं की स्टॅकवरच्या न भरलेल्या मेमरीत ते मुद्दाम एकच बाइट कोंबून ठेवतं. हेक्साडेसिमलमध्ये तो बाइट 'सीसी' असा दिसतो. चार 'सीसी' ओळीनं लावून इंटिजर म्हणून वाचले की बरोब्बर −८५,८९,९३,४६० येतं.

तोच ऑब्जेक्ट 'न्यू' करून हीपवर बनवलात तर भरणा 'सीडी'चा होतो आणि आकडा येतो −८४,२१,५०,४५१. म्हणजे नुसता आकडा बघून सांगता येतं की ऑब्जेक्ट स्टॅकवर राहतो की हीपवर. पत्त्यासकट आलेली चूक!

आणि 'सीसी'च का? एक्स८६ प्रोसेसरच्या भाषेत या बाइटचा अर्थ ब्रेकपॉइंट. प्रोग्राम भरकटून त्या मेमरीतच शिरला आणि तिलाच सूचना समजून चालवू लागला, तर पहिल्याच पावलाला ब्रेक! एका बाइटमध्ये दोन सापळे. याला म्हणतात डोकं.

आता चीनला जाऊ. हेच 'सीसी सीसी' बाइट चिनी अक्षरांच्या जीबीके एन्कोडिंगमध्ये वाचले तर 'तांग' हे अक्षर उमटतं, अर्थ काय तर चटका बसेल इतकं गरम. त्यामुळे तिथला विद्यार्थी स्ट्रिंग भरायला विसरला की स्क्रीनभर 'तांग तांग तांग'! चिनी प्रोग्रामरांच्या मीम्समध्ये हे अक्षर अजरामर झालंय. आपल्याकडे त्याला गार्बेज म्हणतात, तिकडे गरमागरम!

गार्बेजवरून आठवलं. टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या खिडकीत ज्यांनी कॉलेजचं प्रॅक्टिकल केलंय, त्यांना 'गार्बेज व्हॅल्यू' हे दोन शब्द व्हायव्हात हमखास कामाला आले असणार. पण त्यातली गंमत पुष्कळांच्या नजरेतून सुटते. तोच क्लास, तीच प्रॉपर्टी, तोच ऑब्जेक्ट. 'मेन'च्या आत ठेवला तर गार्बेज, 'मेन'च्या बाहेर ग्लोबल म्हणून ठेवला तर शून्य! ग्लोबल आणि स्टॅटिक मेमरी शून्यानं भरूनच मिळेल, हा भाषेचा नियम आहे. आतल्या मेमरीबद्दल असा कुठलाच शब्द दिलेला नाही.

पणजोबा जास्त प्रेमळ होते

माहीत आहे का, क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना जिथं जन्मली, तिथं ही भानगडच नव्हती? नॉर्वेत ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ बनवली. तिच्यात आकडे आपोआप शून्य, बूलियन फॉल्स आणि दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारी प्रॉपर्टी 'नन', म्हणजे कोणीच नाही. सगळं घरपोच! या जोडीला २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, आणि २००२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं दोघंही गेले.

ब्यार्न स्ट्राऊस्ट्रप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये सिम्युलाचे क्लास सी भाषेत आणायला घेतले. त्यातून घडलेल्या सी प्लस प्लसमध्ये क्लास आले, शून्य मात्र मागे राहिलं. कारण एकच, स्पीड! जे मागितलं नाही त्याची किंमत मोजायला लावायची नाही, हा सी प्लस प्लसचा बाणा. दहा लाख ऑब्जेक्ट बनवताना दहा लाख वेळा शून्य लिहायचं आणि लगेच त्यावर दुसरं काही लिहायचं, हे तिला पटतच नाही.

बरं, मग प्रॉपर्टीच्या शेजारीच 'इक्वल टू १८' असं लिहून टाकायची सोय तरी? साध्या प्रॉपर्टीला ती मिळाली थेट २०११ च्या स्टँडर्डमध्ये. तोवर सगळी मदार कन्स्ट्रक्टरवर.

त्या कन्स्ट्रक्टरच्या यादीतही एक ट्विस्ट आहे हं! समजा क्लासमध्ये आधी 'क्षेत्रफळ' लिहिलंय आणि नंतर 'बाजू'. कन्स्ट्रक्टरच्या यादीत तुम्ही शहाण्यासारखं आधी बाजूला ५ दिलेत, मग क्षेत्रफळाला बाजू गुणिले बाजू. उत्तर २५? छे! भाषा तुमच्या यादीचा क्रम बघतच नाही, ती बघते क्लासमध्ये कोण आधी जाहीर झालं. क्षेत्रफळ आधी मोजलं जातं, तेव्हा बाजू अजून कचरा. कचऱ्याचा वर्ग, मोठा कचरा!

बिनचाकी रिक्षा

आता जावा. हिची पाटी कोरी नसतेच. इंटिजर ०, बूलियन फॉल्स, कॅरेक्टर शून्य क्रमांकाचं, ऑब्जेक्ट नल. पण ही माया फक्त क्लासच्या प्रॉपर्टीवर. मेथडच्या आतलं लोकल व्हेरिएबल न भरता वापरून बघा, कंपाइलर जागेवरच अडवतो.

इतकं सुरक्षित, तरी हे बघा. 'वाहन' नावाचा पेरेंट क्लास, 'रिक्षा' त्याचा चाइल्ड. रिक्षात प्रॉपर्टी आहे, चाकं बरोबर ३. वाहनाचा कन्स्ट्रक्टर 'माहिती दाखव' ही मेथड बोलावतो, आणि रिक्षानं ती ओव्हरराइड करून चाकं छापायची असं ठरवलंय. रिक्षा बनवा. स्क्रीनवर येतं, चाकं ०!

कारण जावात आधी पेरेंटचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो, मग चाइल्डच्या प्रॉपर्टीत किमती पडतात. 'माहिती दाखव' धावत आली तेव्हा चाकं लागायचीच होती.

तोच प्रोग्राम सी शार्पमध्ये लिहा. चाकं ३! तिथं क्रम उलटा, चाइल्डच्या प्रॉपर्टी आधी भरतात, मग पेरेंटचा कन्स्ट्रक्टर. बहिणी-बहिणी दिसणाऱ्या दोन भाषा, आणि रिक्षा एकीकडे धावते, दुसरीकडे जमिनीला टेकलेली.

थांबा, जावातली मजा संपली नाही. 'चाकं'च्या आधी 'फायनल' हा एक शब्द लिहा. लगेच ३ छापलं जातं! न बदलणारा आकडा दिसला की कंपाइलर तो जिथं वापरलाय तिथंच चिकटवून टाकतो, मेमरीत बघायला जातच नाही.

आणि हा तर माझा सगळ्यात लाडका नमुना. पेरेंटचा कन्स्ट्रक्टर 'चाकं लाव' बोलावतो आणि ती मेथड चाकं ३ करून टाकते. आता रिक्षात नुसतं 'इंट चाकं' लिहिलं असेल तर ३ टिकतं. 'इंट चाकं इक्वल टू ०' लिहिलं असेल तर पेरेंटचं काम संपल्यावर ते शून्य येऊन ३ पुसून टाकतं! डीफॉल्ट शून्य आणि हातानं लिहिलेलं शून्य, दिसायला जुळे, वागायला परके. मुलाखतीत हे विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

जाता जाता, माहीत आहे का, 'चाकं' हे नाव जावा खरंच देवनागरीत स्वीकारतं? अनुस्वारासकट! पायथन ३ पण.

एकाचा खेळाडू, सगळ्यांचा खेळाडू

पायथनवर या. 'संघ' नावाचा क्लास, आणि क्लासच्या अंगातच लिहिलं, 'खेळाडू' म्हणजे रिकामी लिस्ट. पुणे हा एक संघ बनवला, मुंबई हा दुसरा. पुण्याच्या लिस्टमध्ये एक खेळाडू घातला. मुंबईची लिस्ट छापली. तोच खेळाडू तिथेही हजर! ना ट्रान्सफर, ना लिलाव.

झालं काय? ती लिस्ट पुण्याची नव्हती, मुंबईचीही नव्हती. ती क्लासची होती, एकच, सगळ्यांना मिळून. पण गंमत बघा, लिस्टऐवजी 'गुण शून्य' असा साधा आकडा ठेवला तर हा घोळ होत नाही. पुण्याचे गुण ५ केले की पायथन पुण्यापुरती नवी प्रॉपर्टी बनवतं आणि क्लासचं शून्य जागच्या जागी राहतं. नवी किंमत 'देणं' वेगळं आणि आहे त्या लिस्टमध्ये 'घालणं' वेगळं, सगळी मेख तिथंच आहे.

फंक्शनच्या डीफॉल्ट पॅरामीटरचंही हेच. पायथन ते एकदाच बनवतं, फंक्शनची व्याख्या वाचताना. जावास्क्रिप्ट बरोब्बर उलट, प्रत्येक कॉलला ताजं बनवून देतं.

डोकेदुखी एवढी जुनी की २०१८ मध्ये पायथन ३.७ सोबत 'डेटाक्लास' आले तेव्हा त्यांनी सरळ दार बंद केलं. डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट द्या, लगेच व्हॅल्यू एरर! लिस्ट हवी तर 'डीफॉल्ट फॅक्टरी' द्यायची, म्हणजे तयार वस्तू नाही, वस्तू बनवायची कृती.

जँगो फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनो, कान इकडे! 'नोंदीची वेळ' या फील्डच्या डीफॉल्टमध्ये 'नाऊ' या फंक्शनपुढे कंस टाकलात तर सर्व्हर सुरू झाला त्या क्षणाची वेळ गोठते, आणि मग सकाळची ऑर्डर, रात्रीची ऑर्डर, सगळ्यांवर एकच शिक्का. कंस काढा, घड्याळ सुरू. दोन कंसांत अख्खा दिवस अडकतो!

डीफॉल्ट, पण नावालाच

हे वाचून खुर्चीत सरळ बसाल. डेल्फीमध्ये प्रॉपर्टीपुढे 'डीफॉल्ट ५' लिहायची सोय आहे. लिहा, ऑब्जेक्ट बनवा, किंमत बघा. शून्य! तो 'डीफॉल्ट' शब्द किंमत भरतच नाही. तो फक्त फॉर्म सेव्ह करणाऱ्या यंत्रणेला सांगतो की ५ असेल तर फाइलमध्ये लिहायची तसदी घेऊ नकोस. खरं ५ कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्हीच भरायचं.

डॉटनेटमध्येही 'डीफॉल्ट व्हॅल्यू' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि तेही किंमत भरत नाही! व्हिज्युअल स्टुडिओची प्रॉपर्टी विंडो त्यावरून ठरवते की कुठली किंमत ठळक अक्षरांत दाखवायची. आणि माहीत आहे का, डेल्फी आणि सी शार्प, दोन्हींचे मुख्य शिल्पकार एकच, डेन्मार्कचे अँडर्स हेल्सबर्ग. टाइपस्क्रिप्टही त्यांचीच.

पीएचपीची वेगळीच तऱ्हा. साध्या प्रॉपर्टीला काही नाही दिलं तर नल. पण २०१९ च्या ७.४ आवृत्तीपासून टाइप लिहिलात की नलही नाही, प्रॉपर्टी चक्क 'अनइनिशिअलाइज्ड'! भरण्याआधी वाचलीत की एरर.

आणि डी भाषा? वॉल्टर ब्राइट यांनी तिच्यात दशांश आकड्याचं डीफॉल्ट ठेवलं 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. एक जरी प्रॉपर्टी भरायची राहिली तरी तिच्यावरची सगळी बेरीज-वजाबाकी नॅन. कॅरेक्टरचं डीफॉल्टही असं की युटीएफ-८ मध्ये ते चालतच नाही. शून्य चूक लपवतं, नॅन चव्हाट्यावर आणतं. मला विचाराल तर यादीतलं सगळ्यात प्रामाणिक डीफॉल्ट हेच!

पहाटे साडेपाचचा जन्म

तारखांची डीफॉल्ट म्हणजे तर जत्राच! सी शार्पची 'डेटटाइम' न भरता वाचा, १ जानेवारी, सन १. गो भाषेतही सन १. एक्सेलच्या सेलमध्ये ० टाका आणि तारखेचा फॉरमॅट लावा, ० जानेवारी १९०० दिसते. होय, शून्य जानेवारी!

युनिक्सचं घड्याळ शून्यावर असतं तेव्हा ग्रिनिच वेळेनुसार १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. म्हणून अ‍ॅपमध्ये कुठल्या नोंदीवर '१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०' दिसलं तर ओळखा, वेळ भरायचीच राहिलीय. अमेरिकेत हीच चूक ३१ डिसेंबर १९६९ म्हणून दिसते. बग एक, वर्षं दोन!

आणि आपल्या महाराष्ट्रात? इथं डीफॉल्ट तारीख कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे, १ जून! जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. दाखला हा ऑब्जेक्ट, जन्मतारीख ही प्रॉपर्टी, गुरुजी कन्स्ट्रक्टर! म्हणून तर दर १ जूनला घराघरातल्या आजोबा-काकांचे वाढदिवस एकदम येतात.

यातच डीफॉल्टचा सगळ्यात मोठा पेच दडलाय. खरंच १ जूनला जन्मलेला माणूस कसा ओळखायचा? वय ० म्हणजे कालच जन्मलेलं बाळ की न भरलेला फॉर्म? शून्याला दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात.

नल, तुझे प्रताप

या पेचावरचं एक उत्तर म्हणजे 'काहीच नाही' असं स्पष्ट सांगणारा नल. टोनी होअर यांनी तो १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणला आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. राबवायला इतका सोपा की मोह आवरला नाही, असं त्यांनी सांगितलं.

कॅलिफोर्नियातल्या एका सिक्युरिटी रिसर्चरनं हौसेनं गाडीला 'नल' अशी नंबरप्लेट घेतली. पुढे काय? ज्या दंडाच्या नोंदींत नंबर भरलाच नव्हता, त्या याच्या नावावर येऊ लागल्या. एकूण १२ हजार डॉलरच्या वर!

नकाशावर शून्य अक्षांश, शून्य रेखांश शोधा. आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात नुसतं पाणी. पण लोकेशन भरायचं राहिलेले जगभरातले फोटो, दुकानं, पत्ते नकाशावर तिथंच जमा होतात. जागेचं लाडकं नाव, नल आयलंड! बेट नाही, पण हवामान टिपणारा एक बोया तिथं खरोखर नांगरला गेला. त्याचं नाव 'सोल'.

पुढची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंटरनेट पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीनं 'अमेरिकेत कुठंतरी' यासाठी देशाच्या मधोमधचा, सोपा गोल आकडा निवडला, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. त्या बिंदूवर कॅन्ससमधलं एक शेतघर होतं. ६० कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते त्या घरावर दाखवले जायचे. पोलीस, एफबीआय, अ‍ॅम्ब्युलन्स, सगळे वर्षानुवर्षं त्या दारात! २०१६ मध्ये बातमी फुटली तेव्हा कंपनीनं डीफॉल्ट उचलून एका तळ्यात नेऊन ठेवलं. प्रॉपर्टीची डीफॉल्ट व्हॅल्यू, आणि खऱ्याखुऱ्या प्रॉपर्टीवर धाड!

कचऱ्याचाही उपयोग असतो बरं का. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीत रँडम आकडे बनवताना न भरलेली मेमरीही मिसळली जायची. तपासणीच्या व्हॅलग्राइंड टूलनं तक्रार केली म्हणून डेबियन लिनक्ससाठी २००६ मध्ये त्या ओळी काढल्या गेल्या. पण त्यांतल्याच एका ओळीतून बाकीचा सगळा खरा रँडमपणा आत येत होता! मे २००८ मध्ये लक्षात आलं तोवर तयार झालेल्या गुप्त किल्ल्या जवळजवळ फक्त प्रोसेस क्रमांकावर ठरत होत्या. एका प्रकारच्या किल्लीचे जेमतेम ३२ हजार नमुने. लॅपटॉपवर चटकन मोजून होतील इतके!

आता सगळ्यात ताजी खबर, थेट सी प्लस प्लसच्या गोटातून. न भरलेलं लोकल व्हेरिएबल वाचणं म्हणजे आजवर 'अनडिफाइन्ड बिहेविअर', काहीही होऊ शकतं. सी प्लस प्लस २६ मध्ये ते झालं 'इरोनिअस बिहेविअर', म्हणजे चूक आहेच, पण जे होईल ते आटोक्यातलं. 'न्यू' करून हीपवर बनवलेल्या ऑब्जेक्टला मात्र ही सवलत नाही. आणि स्पीडसाठी कोणाला जुनाच खाक्या हवा असेल, तर व्हेरिएबलवर 'इन्डिटर्मिनेट' अशी चिठ्ठी लावायची सोयही ठेवलीय!